कुलूप शाबूत आहे

पेपरातल्या चोरीच्या बातमीत एक शब्द ठरलेला असतो: कडीकोयंडा. अज्ञात चोरटे नेहमी बंद घराचा कडीकोयंडा तोडूनच आत शिरतात. चाळीस वर्षं मी ही बातमी चहात बुडवून वाचत आलो, पण एवढ्या चोऱ्यांत कुलूप कधीच कसं तुटत नाही, हे काही कधी डोक्यात आलं नाही.

ते गेल्या मार्गशीर्षात आलं. दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा भरली होती आणि मी आदल्या दिवशी तिकडे घोडे बघायला गेलो होतो. मला घोडा घ्यायचा नव्हता आणि मला कोणी दिलाही नसता. पण लाखालाखाच्या घोड्याचे दात बघून 'वय जरा जास्त वाटतंय' असं म्हणायचं आणि पुढे सरकायचं, यात जे सुख आहे ते घोडा घेण्यात नाही. रात्री उशिरा आलो, झोपलो. सकाळी साडेसहाला वर्कशॉपच्या दारात उभा राहिलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि जमिनीवर माझं कुलूप पडलेलं होतं. बंद. मुठीत मावणार नाही असलं दणदणीत पितळी कुलूप. चावी घातली, टक् करून उघडलं. दाबलं, बसलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. फक्त त्याच्या गळ्यात कोयंडा लोंबत होता आणि कोयंड्याला माझ्या चौकटीचा हिरवा ऑइलपेंट चिकटलेला होता.

तो कोयंडा मीच बसवला होता. दोन टाके मारले होते. वेल्डिंगवाल्यांच्या भाषेत टाका म्हणजे शिंप्याचा धावदोरा: वस्तू जागेवर धरून ठेवायची, मग सावकाश पूर्ण वेल्डिंग ओढायचं. हा 'मग' अकरा वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी वीज गेली, मग गिऱ्हाईक आलं, मग रंग मारला. रंग मारला की काम संपलं, हा आमच्या धंद्यातला जुना समज आहे.

माझं वर्कशॉप बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, शहादा आणि प्रकाशाच्या मध्ये. वर पन्हाळी पत्रे, खाली अर्धी विटांची भिंत, मागे कपाशीचं शेत. इथे दोन कामं होतात. जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या आणि तुटलेलं सांधायचं. नांगर, ट्रॉलीचा हूक, खाट, खिडकीची जाळी, आणि हो, गावातल्या निम्म्या दारांचे कोयंडे.

यातला शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानात यायच्या आधी गावाच्या ध्यानात आला. दहा वाजेपर्यंत लोक सांत्वनाला येत होते, पण त्यांची नजर माझ्या चौकटीवर. अकराला पहिला माणूस आला आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "दादा, मन्हा कोयंडाले कितला टाका शेतस?" संध्याकाळपर्यंत अशी नऊ माणसं आली. पुढच्या आठवड्यात मी पोर्टेबल मशीन मोटारसायकलला बांधून घरोघर फिरलो आणि कोयंड्यांना पूर्ण वेल्डिंग ओढून दिलं. फुकट. माझ्या दुकानात चोरी झाली आणि सुरक्षित झालं गाव.

गेलं काय? तांब्याची नवी तार, जळक्या मोटारींतून काढलेलं जुनं तांबं, दोन ग्राइंडर, ड्रिल मशीन, वेल्डिंगची केबल आणि भरून तयार असलेल्या तीन मोटारी. राहिलं काय? कॅलेंडर, विश्वकर्म्याची तसबीर आणि उधारीची वही. ती वही चोरून नेली असती तर मी निदान माणसात आलो असतो. माठातलं पाणी ते पिऊन गेले होते, पण माठावर झाकण परत ठेवलं होतं आणि ग्लास पालथा घातला होता. हे माझ्या भाच्याला अकरा वर्षांत शिकवता आलेलं नाही.

पण सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. कोयंडा ज्या पहारीने उचकटला ती पहार माझीच होती. मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली. म्हणजे मंडळी रिकाम्या हातांनी आली होती. सराफाच्या दुकानात घुसायचं तर कटावणी, गॅस कटर, सगळं बरोबर आणावं लागतं. वर्कशॉपचं तसं नाही. वर्कशॉप म्हणजे स्वतःलाच फोडायचं संपूर्ण साहित्य एका छपराखाली. एकदा पहारीने आत शिरलं की पुढच्या कपाटासाठी ग्राइंडर आहे, ग्राइंडरला जोडायला बोर्ड आहे आणि उजेडाला माझाच बल्ब आहे. विजेचं बिलही माझ्याच नावावर.

पंचनाम्याला आलेले हवालदार समंजस होते. त्यांनी कलमं सांगितली, ३३१ चा पोटभाग ४ आणि ३०५. मी म्हटलं, पूर्वी ४५७ आणि ३८० असायचं ना? ते म्हणाले, १ जुलै २०२४ पासून बदललं. १ जुलै हा आमच्या नंदुरबार जिल्ह्याचा वाढदिवस. १९९८ साली याच तारखेला आम्ही धुळ्यापासून वेगळे निघालो. म्हणून तेवढी तारीख माझ्या लक्षात राहिली.

नंतर भाच्याने मोबाइलवर तो कायदा काढून दिला आणि एक रात्र मी तो वाचत बसलो. इतकं करमणुकीचं वाचन मी फार दिवसांत केलं नव्हतं. घरफोडीचे सहा प्रकार सांगितलेत. आमच्या जिल्ह्याचे तालुकेही सहा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव. तालुक्याला एक असा हिशोब बसतो. खाली उदाहरणं दिलीत, त्यांत ए नावाचा इसम सतत झेडच्या घरात घुसत असतो. भिंतीला भोक पाडून हात घालतो. खिडकीतून शिरतो. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलतो. झेडची हरवलेली किल्ली ए ला सापडते, तर तो सरळ दार उघडूनच आत जातो. एकदा झेड दारात उभा असतो, तर ए त्याला आडवा पाडून आत जातो. १८६० च्या जुन्या कायद्यापासून या झेडला कोणी एक चांगला कोयंडा बसवून दिलेला नाही. एका उदाहरणात तर ए जहाजाच्या झरोक्यातून आत शिरतो. आमच्याकडे तापीत भोईलोकांच्या होड्या असतात. तिथे झरोका शोधता शोधता ए बुडून जाईल.

त्याच कायद्यात रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय, आणि चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर जास्तीत जास्त दहा वर्षं, रात्री फोडलं तर चौदा. रात्रपाळीची चार वर्षं जादा. आमच्या साखर कारखान्यात रात्रपाळीला चहा फुकट असतो, इतकंच.

चोरी झालेल्या माणसाला पैसा कोणी देत नाही, सल्ला सगळे देतात. पहिला सल्ला सर्वांचा एकच: कुलूप चांगलं घे. मी शाबूत कुलूप हातात धरून उभा असताना लोक मला हे सांगत होते. मीही गेलो. दुकानदाराने काउंटरवर सात कुलपं मांडली आणि लिव्हर मोजून दाखवायला लागला. हे इतक्या लिव्हरचं, ते तितक्या, याची डुप्लिकेट चावी बनतच नाही. मी विचारलं, कोयंडा आहे का मजबूत? त्याने मागच्या पोत्यात हात घातला आणि पत्र्याचा, दाबला तर वाकेल असा एक कोयंडा काढून दिला. "हा? हा कोणताही चालतो."

कोणताही चालतो. लंडनला १८५१ साली मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामा कंपनीचं कुलूप उघडून दाखवलं. ते कुलूप कित्येक वर्षं दुकानाच्या खिडकीत टांगलेलं होतं, उघडेल त्याला दोनशे गिनी अशी पाटी लावून. हॉब्सला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले आणि अख्खं इंग्लंड हादरलं. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्या हॉब्सची कीव आली. एक्कावन्न तास! पहार द्यायची होती कोणीतरी.

आता आपल्याकडचा चोर बघा. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला शर्विलक. चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडायच्या आधी तो उभा राहून विचार करतो की आकार कोणता द्यावा. कमळाचा? चंद्रकोरीचा? स्वस्तिकाचा? शेवटी भाजक्या विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल असं ठरवतो. मापाची दोरी घरी विसरलेली असते, म्हणून जानव्याने मोजतो. आणि सकाळी चारुदत्त ते भगदाड बघून खूश होतो. काय कारागिरी, म्हणतो. बिचाऱ्याला घरात काही मिळालं नसेल, अशी वर हळहळ. मीही माझ्या चौकटीकडे त्या दृष्टीने बघायचा प्रयत्न केला. पण दोन टाके उचकटलेल्या जागी बघण्यासारखं काय असणार? चोराला कला दाखवायला वाव मिळावा असं काम मुळात आपणच केलेलं असावं लागतं.

दुसरा सल्ला कॅमेऱ्याचा. भाचा सुरतेला नोकरीला आहे. त्याने तिथून सिमकार्डवर चालणारा कॅमेरा पाठवला आणि तिथूनच फोनवर सांगत सांगत माझ्याकडून बसवून घेतला. कॅमेऱ्यापुढे काही हललं की भाच्याच्या मोबाइलवर घंटी वाजते. अशा रीतीने माझ्या वर्कशॉपची राखण सुरतेहून सुरू झाली. पहिल्या रात्री दोन वाजता फोन आला. "मामा, कोणीतरी आहे!" मी काठी घेऊन धावलो. म्हैस होती. दुसऱ्या रात्री पाकोळी. तिसऱ्या रात्री कोळ्याने भिंगावरच जाळं विणायला घेतलं आणि भाच्याने त्याचं विणकाम पहाटेपर्यंत बघितलं. मुलगा सुरतेला टेक्स्टाइलमध्येच आहे, त्यामुळे त्याला त्यात रस वाटला म्हणे. आठवड्याने त्याने घंटी बंद केली, कारण त्यालाही सकाळी ड्यूटी असते. शिवाय ओळखीच्या एकाने सांगितलं की त्याच्या गोदामात चोर आले आणि जाताना चित्रण साठवायचा डबाच काढून घेऊन गेले. म्हणजे आपण त्यांना जादा माल पुरवायचा आणि वर त्याच्यासाठी शिडीही लावून द्यायची.

तिसरा सल्ला: वस्तूंवर नाव कोरा. हा मला पटला. लोखंडावर अक्षरं ठोकायचा पंच माझ्याकडे होता. होता म्हणजे, तोही चोरांबरोबरच गेला होता.

आईचा उपाय शनीचा. नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, तिथे घरांना दारंच नाहीत. २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली. आईचं म्हणणं, शनीचा फोटो लाव आणि झोप. मी म्हटलं, आई, बँकेने कुलूप लावलं नाही, पण काचेचं दार लावलंच ना? ती म्हणाली, "ते कुत्री येऊ नयेत म्हणून." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो लावला. विश्वकर्म्याशेजारी.

कुत्र्याबद्दल थोडक्यात सांगतो. पाळलं. गिऱ्हाइकांनी बिस्किटं चारून चारून त्याला इतकं मनमिळाऊ केलं की आता ते अनोळखी माणसाला दारापर्यंत घेऊन येतं.

चोर कोण, यावर पारावर एकमत होतं: बाहेरचे. आमच्या गावात काहीही वाईट झालं की ते बाहेरच्यांनीच केलेलं असतं. यात डोंगरातून ऊसतोडीला नाहीतर मजुरीला आलेल्या माणसांकडे बोट दाखवायची लोकांना फार घाई. मला ते कधी पटलं नाही. माझी पहार कुठे असते हे बाहेरच्याला कसं ठाऊक? माठाशेजारच्या खिळ्याला ग्लास असतो, तो पालथा घालतात, हे त्याला कोणी सांगितलं? आणि मी घोडे बघायला गेलोय, हे? मी हे पारावर बोललो नाही. बोललो असतो तर माझ्याकडे कोयंडे घेऊन कोण आलं असतं?

माल गेला कुठे, याबद्दल मात्र शंका नव्हती. तांबं गुजरातेत जातं असं सगळे म्हणतात. सुरतेच्या गाडीत बसलं की वाटेत नवापूर स्टेशन येतं. त्या स्टेशनाच्या मधून दोन राज्यांची हद्द जाते. एक बाकडं तर असं आहे की त्याचं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. लोक तिथे मध्ये बसून फोटो काढतात. मी त्या बाकड्यावर बसलेला आमचा चोर डोळ्यांपुढे आणतो. स्वतः महाराष्ट्रात, पोतं गुजरातेत. पंचनामा कुठून सुरू करायचा?

या सगळ्या उद्योगात एक गोष्ट कळली, ती मात्र कोणी सल्ला म्हणून दिली नव्हती. आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दीड-दोन वाजता अख्खं शिवार जागं. बॅटऱ्या हलतायत, कोणी बारे धरतंय, कोणी मोटार सुरू होत नाही म्हणून स्टार्टरला शिव्या देतंय. थंडी, साप, चिखल! सगळ्यांनी या रात्रपाळीविरुद्ध मोर्चे काढलेत आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण चोरासारख्या माणसाची केवढी पंचाईत! त्याला वाटावं, गाव झोपलं असेल, तर गाव गुडघाभर चिखलात उभं. माझ्याकडची चोरी ज्या रात्री झाली, ती दिवसपाळीच्या आठवड्यातली. मी वही काढून तपासलं. आता जिकडेतिकडे सोलर बसतंय, दिवसा वीज मिळतेय, शेतकरी रात्री झोपतोय. फार चांगलं झालं. चोरालाही तसंच वाटत असणार.

म्हणून शेवटी मी आबांना राखणीचं विचारलं. आबा सत्तरीचे. पूर्वी कपाशीत डुकरं येऊ नयेत म्हणून जागलीला जायचे, अजून घरात झोप येत नाही. त्यांनी अट घातली: खाट दारात आडवी, बिडी-काडीचा खर्च माझा, आणि कॅमेरा त्यांच्या तोंडावर नको. पहिल्याच रात्री मी बघायला गेलो तर आबा घोरत होते. मी दबकत खाटेला वळसा घालून दाराजवळ पोचलो, आणि पाठीमागून खोकला आला. नुसता खोकला. झोपेतून उठल्याचा नव्हे, तर 'बघतोय मी' असा. माझा हात कोयंड्यावरच थिजला. मालक असून. घोरणं बंद झालं नव्हतं, हे विशेष.

पूर्ण वेल्डिंग? ओढलं की. चारी बाजूंनी, डबल. इतकं की आता दार उचकटायचं तर चौकटीसकट भिंत बाहेर येईल. भिंतीला प्लास्टर करायचं राहिलंय. ते मग.

गेलेल्या तीन मोटारींचे पैसे मी मालकांना भरून दिले. एकाने घेतले नाहीत, दोघांनी घेतले, त्यात तक्रार नाही. पुढे ज्येष्ठ लागला, लोक कपाशी लावायच्या घाईत, आणि तापीपलीकडच्या गावातून एक भला माणूस पाच हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक ट्रॉलीत टाकून घेऊन आला. जळाली म्हणे, सिंगल फेज झाली आणि धूर निघाला. भरून द्या, पाणी थांबलंय. मोटारीवर कंपनीची पट्टी नव्हती, तिथे फाइल मारलेली दिसत होती. मी चार बोल्ट काढले आणि झाकण उचललं.

मोटार भरली की कॉइलींची टोकं दोऱ्याने आवळून बांधतात. हा दोरा प्रत्येक कारागीर वेगळा बांधतो. माझ्या उस्तादाची रीत होती: दर तिसऱ्या खाचेला दुहेरी वेढा आणि गाठ आतल्या बाजूला, म्हणजे रोटरला लागत नाही. उस्ताद गेले, त्यांचे बाकी शागीर्द सुरतेला लूमवर गेले. त्या रीतीने गाठ मारणारा आता तापीच्या दोन्ही काठांवर एकच इसम उरलाय. वॉर्निश काळं पडलं होतं, तार भाजली होती, पण दर तिसऱ्या खाचेला ती गाठ तशीच बसलेली होती, आतल्या बाजूला.

मी विचारलं, कुठून घेतली? बाजारातून, सेकंड हँड. बिल? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घोड्याचं बिल मागितलं. चेहरा सरळ होता. हातांना घट्टे होते. पोरगा ट्रॉलीत बसून बिस्किट खात होता आणि अर्धं माझ्या कुत्र्याला देत होता. हवालदारांना फोन करावा का, की आधी चहा सांगावा? की भरून द्यावी मुकाट्याने, पाणी थांबलंय म्हणतो तर? मी स्टेटर हातात घेऊन तसाच बसून राहिलो. तो बिचारा समजला की काम अवघड आहे. मला धीर द्यावा म्हणून म्हणाला,

"हाई मोटर पयले ज्यानी भरी ना दादा, त्यानी कच्चंच काम करेल व्हतं."

"कच्चं?" मी उठूनच उभा राहिलो. "अहो, हिला दोनदा वॉर्निश पाजलंय, आणि तीन दिवस उन्हात सुकवलंय!"

त्याने स्टेटरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुमले कसं मालूम?"

खाटेवरून आबा खोकले.